मुलांच्या पुस्तकांचे चित्रकार: वाचनखोलीच्या भिंतीवर कोणाची नावे लिहावीत?

आबोली, पेडणे

नमस्कार. मी पेडणे तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. पट कमी झाल्यामुळे रिकामी झालेली एक खोली आम्ही या वर्षी वाचनखोली म्हणून वापरायला घेतली आहे. तिच्या एका मोठ्या भिंतीवर मुलांसाठी लिहिणाऱ्या आणि चित्रे काढणाऱ्या मंडळींची ओळख, मुलांना समजेल अशा भाषेत लावायची, असे आम्ही दोघी शिक्षिकांनी ठरवले आहे. यादी करायला बसलो तेव्हा साने गुरुजी, विंदा करंदीकर, मंगेश पाडगांवकर, भा. रा. भागवत ही नावे पाच मिनिटांत लिहून झाली. चित्रकारांचा रकाना मात्र कोराच राहिला. कपाटातली पुस्तके काढून पाहिली, तर बहुतेकांच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नाव ठळक आणि चित्रकाराचे नाव आतल्या पानावर, मुद्रकाच्या पत्त्याजवळ, बारीक अक्षरांत होते. दोन-तीन पुस्तकांत तर ते कुठेच सापडले नाही.

हे मला का सलते, ते सांगते. आमच्याकडची बहुतेक मुले घरी कोकणी बोलतात आणि मराठी त्यांना भेटते ती शाळेत, पुस्तकातून. मागच्या महिन्यात पहिलीतल्या एका मुलीने पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवून मोठ्याने "चानी!" म्हटले. त्याच पानावर 'खार' हा शब्द छापलेला होता, पण तो तिला वाचता येत नव्हता, आणि वाचता आला असता तरी त्याचा अर्थ लागला नसता. चित्रातली खार शेपटी फुगवून, पुढचे दोन्ही पाय तोंडाशी नेऊन बसली होती, तिच्या पाठीवरचे पट्टे स्पष्ट होते, म्हणून मुलीने तिला ओळखले. मग 'आपल्या चानीला पुस्तकात खार म्हणतात' एवढे एक वाक्य मला पुरले. त्या दिवशी तिला मराठीतला एक शब्द मिळाला तो चित्रकारामुळे, आणि त्या चित्रकाराचे नाव मला तिला सांगता आले नाही.

म्हणून विचारते की, मुलांच्या पुस्तकांत ज्यांचे काम खरोखर टिकून राहिले असे लेखक आणि चित्रकार आपल्या मते कोण, आणि त्यांनी नेमके काय केले? केवळ नाव, जन्मगाव आणि पुरस्कार लिहिलेला तक्ता मुले वाचत नाहीत, असा माझा अनुभव आहे. गोव्याशी नाते असलेली माणसे यादीत असली तर आनंदच होईल. परंतु केवळ गोव्याची आहेत म्हणून ती घ्यावीत, असे मला वाटत नाही.

केवडा, म्हापसा

आबोलीताई, मी चौतीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालो आहे. लेखकांविषयी थोडे लिहितो. चित्रकारांचा भाग येथील कलाशिक्षकांनी सांभाळावा.

मूल हा वेगळा वाचक आहे, त्याच्यासाठी वेगळे नियतकालिक हवे, ही जाणीव मराठीत तशी जुनी आहे. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये 'बालबोध' मासिक सुरू केले आणि वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये 'आनंद'. त्या काळच्या लेखनात उपदेश पुष्कळ असे, पण मुलांशी सोप्या, चालत्या मराठीत बोलायचे वळण तेथेच पडले. भिंतीवर या दोघांसाठी दोन ओळी पुरतील.

साने गुरुजींसाठी मात्र अधिक जागा ठेवावी. त्यांनी 'श्यामची आई' १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिली, तीही ९ तारखेपासून १३ तारखेपर्यंत, अवघ्या पाच दिवसांत. पुस्तक १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील प्रकरणांना 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी नावे आहेत, कारण श्याम ही हकीकत रात्री प्रार्थनेनंतर जमलेल्या सोबत्यांना सांगतो. माझ्या मते गुरुजींचे मोठे देणे या सांगण्याच्या रीतीत आहे. पहिली-दुसरीच्या मुलांच्या हाती ते पुस्तक देऊन उपयोग नाही. शिक्षकाने रोज एक रात्र मोठ्याने वाचावी. पालगडचे घर, अंगण, नदी, पावसाळ्यातले दिवस हे सगळे आपल्या मुलांना परके वाटत नाही, कारण ते कोकणच आहे. काही पालक हे पुस्तक रडवे आहे म्हणून बाजूला ठेवतात. मला ते पटत नाही. आईने चूक दाखवली म्हणून दुखावणारे आणि थोड्या वेळाने तिच्याच कुशीत शिरणारे मूल मी वर्गात दरवर्षी पाहिले आहे.

विंदा करंदीकरांनी नेमकी दुसरी बाजू उघडली. 'राणीची बाग', 'एकदा काय झाले', 'सशाचे कान', 'एटू लोकांचा देश', 'परी ग परी' ही त्यांची बालकवितांची पुस्तके १९६१ ते १९६५ या थोड्या वर्षांत आली, आणि 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ' पुढे १९८१ मध्ये. ज्या कवीला ज्ञानपीठ मिळाले, त्याने मुलांसाठी लिहिताना हात राखून लिहिले नाही. उलट निरर्थाची, उलट्यापालट्या जगाची, भुताखेतांची मजा मुलांना पुरेपूर दिली आणि शेवटी तात्पर्य चिकटवले नाही. कवितेतून काय शिकलात, हा प्रश्न त्यांच्या कवितेला विचारताच येत नाही. शिक्षक म्हणून मला हे समजायला बरीच वर्षे लागली. विंदा देवगड तालुक्यातील धालवलीचे आणि 'भोलानाथ' व 'बबलगम' लिहिणारे मंगेश पाडगांवकर वेंगुर्ल्याचे. तेरेखोलची खाडी ओलांडली की वेंगुर्ले तालुका येतो, हे पेडण्याच्या मुलांना नकाशावर दाखवता येईल.

भा. रा. भागवत चौथीनंतरच्या मुलांचे लेखक. त्यांनी फुरसुंगीचा बनेश फेणे ऊर्फ फास्टर फेणे दिला आणि ज्यूल व्हर्नच्या साहसकथा मराठीत आणल्या. आपल्या वयाचा मुलगा मोठ्यांच्या मदतीवाचून संकटातून वाट काढतो, हा आत्मविश्वास त्यांच्या पुस्तकांनी मराठी मुलांना दिला.

आणखी एक नाव आपल्या सत्तरी तालुक्यातले आहे. आंबेडे गावचे पंडित महादेवशास्त्री जोशी आपल्याला 'भारतीय संस्कृतिकोशा'मुळे ठाऊक असतात. त्यांनी 'मुलांचा संस्कृतिकोश'ही चार खंडांत सिद्ध केला. मुलाच्या प्रश्नाला मोठ्या माणसाच्या प्रश्नाइतकेच गांभीर्याने उत्तर द्यावे, ही वृत्ती त्यात दिसते. केवळ गोव्याचे म्हणून घेऊ नये, या तुमच्या अटीत ते बसतात.

कुंचला, मडगाव

आबोलीताई, तुमच्या चानीच्या प्रसंगाने मला एक फार जुने पुस्तक आठवले. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाचे 'ऑर्बिस पिक्टस' हे पुस्तक १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे छापले गेले आणि मुलांसाठी केलेल्या पहिल्या सचित्र पाठ्यपुस्तकांत ते गणले जाते. त्याची मांडणी अशी आहे की, वर चित्र, चित्रातल्या प्रत्येक वस्तूला एक आकडा, आणि खाली त्याच आकड्यांसह ती वस्तू सांगणारी वाक्ये, एका बाजूला लॅटिनमध्ये व दुसऱ्या बाजूला जर्मनमध्ये. मूल घरची भाषा जाणते, शाळेची भाषा जाणत नाही, आणि दोहोंच्या मध्ये चित्र उभे आहे. तुमच्या वर्गात जे आपोआप घडले, ते त्या पुस्तकाने साडेतीनशे वर्षांपूर्वी ठरवून केले होते. आपल्या मुलांसाठी कोकणी आणि मराठी शब्दांचा असा एक तक्ता तुमच्या भिंतीवर करता आला, तर चित्रकार काय करतो हे मुलांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

चित्रकाराचे नाव मागे राहणे ही केवळ आपल्याकडची गोष्ट नाही. मुलांच्या साहित्यासाठी जगात जो सर्वांत मोठा मानला जातो तो हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार लेखकांना १९५६ पासून दिला जाऊ लागला आणि चित्रकारांना १९६६ पासून. म्हणजे तेथेही दहा वर्षे गेली. आपल्या साहित्य अकादमीने २०१० मध्ये बालसाहित्य पुरस्कार सुरू केला, तोही लेखनाला दिला जातो.

आता नावे. परदेशी चित्रकारांत मी बिअट्रिक्स पॉटर यांना प्रथम घेईन. १९०२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पीटर रॅबिट'मधला ससा निळा कोट घालतो, परंतु त्याचे कान, पंजे, दचकून थबकण्याची रीत अगदी खऱ्या सशाची आहे, कारण त्यांनी ससे पाळले होते आणि वर्षानुवर्षे त्यांची रेखाटने केली होती. पुस्तकाचा आकारही त्यांनी आग्रहाने लहान ठेवला, म्हणजे ते लहान हातांत मावावे. तुमच्या विद्यार्थिनीने खार ओळखली त्याचे कारण हेच आहे. त्या अनाम चित्रकाराने कधीतरी खार नीट पाहिली होती.

एरिक कार्ल यांनी १९६९ च्या आपल्या सुरवंटाच्या पुस्तकात पानांनाच भोके पाडली. सुरवंट फळ खात पुढे जातो आणि मुलाचे बोट त्या भोकातून त्याच्या मागोमाग जाते. कागद ही खेळण्याची वस्तू होते. मॉरिस सेंडाक यांच्या १९६३ च्या 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' या पुस्तकात चित्रे पानागणिक मोठी होत जातात, शब्द मागे सरतात, आणि मधली काही पाने केवळ चित्रांची उरतात. मुलाचा राग शिगेला पोहोचला की बोलणे थांबते, हे त्यांनी पानाच्या रचनेतून दाखवले. मूल चित्र वाचते याची खात्री असल्यावाचून असे धाडस कोणी करणार नाही.

तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' हे शाळेच्या आठवणींचे जपानी पुस्तक तुमच्या शाळेत असेलच. चेतना सरदेशमुख गोसावी यांचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढला आहे. त्यातली जलरंगातली मुले चिहिरो इवासाकी यांची आहेत. त्या १९७४ मध्ये वारल्या आणि पुस्तक १९८१ मध्ये आले. कुरोयानागी यांनी इवासाकींच्या आधीच्या चित्रांतून आपल्या पुस्तकासाठी चित्रे निवडली. तरीही ती मुले त्या पुस्तकासाठीच जन्मली असे वाटते, कारण इवासाकी यांनी आयुष्यभर मुलांचे उभे राहणे, वाकणे, पाठमोरे बसणे पाहिले होते.

आपल्याकडे माझ्या पिढीची चित्रदृष्टी घडवली ती 'चांदोबा'ने. हे मासिक मद्रासहून १९४७ मध्ये तेलुगू व तमिळमध्ये सुरू झाले आणि १९५२ पासून मराठीत येऊ लागले. के. सी. शिवशंकरन, जे 'शंकर' अशी सही करीत, त्यांचा विक्रम-वेताळ कोण विसरेल? एका हातात तलवार, खांद्यावर प्रेत, मागे स्मशानातली झाडे, आणि राजाच्या चालीत भीतीचा लवलेश नाही. गोष्ट वाचण्याआधी मी ते चित्र पाहत बसे. त्यांना २०२१ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

गोव्याचे दोघे सांगतो. दीनानाथ दलाल आमच्या मडगावचे, जन्म १९१६. त्यांनी मराठी पुस्तकांची मुखपृष्ठे रंगीत, ओढ लावणारी केली आणि १९४५ मध्ये 'दीपावली' वार्षिक काढले. दुसरे लोटलीचे मारिओ मिरांडा. त्यांची व्यंगचित्रे सर्वांना माहीत आहेत, परंतु उमा आनंद यांच्या मातीच्या जादूच्या घोड्याच्या आणि 'पिल्ला' नावाच्या कुत्र्याच्या गोष्टींसाठी त्यांनी काढलेली चित्रे फार थोड्यांनी पाहिली असतील. पुस्तके इंग्रजी आहेत. तरी चित्रे दाखवून गोष्ट मराठीत सांगता येते. मारिओंच्या चित्रात एका चौकटीत वीस माणसे असतात आणि प्रत्येक जण काहीतरी वेगळे करीत असतो, त्यामुळे मुले त्यावर पुष्कळ वेळ बोलत राहतात.

मांडवीकाठ, पणजी

वरच्या दोन्ही उत्तरांत आजच्या मराठी मुलांसाठी सर्वांत महत्त्वाचे असलेले नाव राहून गेले, म्हणून लिहीत आहे. मी ग्रंथालयात मुलांच्या विभागात काम केले आहे आणि माधुरी पुरंदरे यांची पुस्तके जेवढ्या लवकर झिजतात तेवढी दुसऱ्या कोणाची झिजताना मी पाहिलेली नाहीत.

त्या स्वतः लिहितात आणि स्वतः चित्रे काढतात. शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे पॅरिसमध्ये झालेले. त्यामुळे वाक्याने काय सांगायचे आणि चित्रावर काय सोपवायचे, याचा निर्णय एकाच माणसाच्या हाती राहतो. 'राधाचं घर' किंवा यशची पुस्तके पाहावीत. त्यांत राजपुत्र नाही, जादूची कांडी नाही. आई, बाबा, आजी, आजोबा, शेजारी, शाळेचा पहिला दिवस आणि मनातली लहानशी धास्ती आहे. वाक्ये तोंडी मराठीतली आहेत, म्हणून मराठी हळूहळू शिकणाऱ्या मुलालाही ती झेपतात. 'चित्रवाचन' तर मुलाला शब्दांवाचून चित्र वाचायला बसवते. तुमच्या पहिलीच्या वर्गासाठी मी सर्वांत आधी तेच पुस्तक घ्यायला सांगेन, कारण त्यावर मुले कोकणीत बोलू लागतील आणि तुम्ही मराठी शब्द पुरवू शकाल. 'वाचू आनंदे' हा त्यांनी संपादित केलेला संग्रह मोठ्या मुलांसाठी आहे. त्यात मराठीतले निवडक उतारे आणि भारतीय चित्रकला शेजारी शेजारी ठेवली आहे, आणि सोबत मुलांना विचार करायला लावणारे भाषेचे खेळ आहेत. त्यांना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, आणि २०१६ मध्ये बिग लिटल बुक पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला तेव्हा लेखकासाठीचा पुरस्कार त्यांनाच मिळाला.

कुंचला सरांच्या एका मुद्द्याशी मी सहमत नाही. दीनानाथ दलालांविषयी मला अतिशय आदर आहे, परंतु त्यांचे मुख्य काम मोठ्यांच्या पुस्तकांसाठी आणि दिवाळी अंकासाठी झाले. मुलांच्या भिंतीवर त्यांचे नाव आले, तर ते गोव्याचे म्हणून आले असे होईल, आणि आबोलीताईंना तेच नको आहे.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. 'किशोर' मासिक बालभारती १९७१ पासून काढते आहे आणि त्याचे जुने अंक महाजालावर विनामूल्य वाचता येतात. मराठीतल्या किती चित्रकारांनी मुलांसाठी काम केले, हे पाहायला याहून चांगली जागा नाही. पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात, जे १८३२ पासून चालत आले आहे, मुलांचा विभाग आहे. २००५ पासून काम करणाऱ्या 'बुकवर्म' या संस्थेचे बालग्रंथालयही पणजीतच आहे. मुले पुस्तकाजवळ कशी येतात हे पाहण्यासाठी एक दिवस तेथे अवश्य जावे. पुस्तके मांडताना कणा बाहेर ठेवू नका, मुखपृष्ठ बाहेर ठेवा. जे मूल वाचू शकत नाही ते मुखपृष्ठावरूनच पुस्तक निवडते. आणि आपल्या पावसात कपाट भिंतीला टेकवू नका. जुलैत मागच्या रांगेला बुरशी धरते, आणि चकचकीत कागदाची चित्रांची पाने एकदा ओलाव्याने चिकटली की सोडवताना रंगासकट निघतात.

पायवाट, फोंडा

मी पालक आहे. माझा मुलगा दुसरीत आहे. मला एवढेच सांगायचे आहे की, मुलांना मराठी पुस्तके देताना कोकणीत त्यांच्यासाठी ज्यांनी लिहिले त्यांनाही त्या भिंतीवर जागा असावी. शणै गोंयबाब यांनी 'भुरग्यांलो इश्ट' लिहिले, तेव्हा कोकणी मुलाच्या हाती स्वतःच्या बोलीतले छापील पुस्तक देणे हेच केवढे मोठे काम होते. शिवाय प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर २०१५ पासून गोष्टी विनामूल्य मिळतात. तेथे मराठीही आहे, कोकणीही आहे, आणि प्रत्येक गोष्टीत लेखक, चित्रकार व अनुवादक या तिघांची नावे दिलेली असतात. आम्ही रात्री गोष्ट वाचताना ती तिन्ही नावे मोठ्याने वाचतो. आता मुलगाच आधी विचारतो, "चित्रां कोणें काडल्यांत?"

कुंचला, मडगाव

मांडवीकाठ ताई, आपला आक्षेप मला अर्धा मान्य आहे. दलालांचे बहुतांश काम मोठ्यांसाठी होते, हे खरेच. परंतु बाबासाहेब पुरंदरे यांच्या 'राजा शिवछत्रपती'साठी त्यांनी केलेली चित्रे पाहत आम्ही लहानपणी तासन्‌तास बसत असू. मजकूर वाचण्याचे वय झाले नव्हते; किल्ला, घोडे आणि मावळ्यांच्या हालचाली चित्रांतूनच कळल्या. मुलांसाठी काढलेले चित्र आणि मुलांनी आपलेसे केलेले चित्र, या दोहोंचीही नोंद व्हावी, असे मला वाटते. माधुरी पुरंदरे यांचे नाव माझ्याकडून सुटायला नको होते, ते आपण जोडले याबद्दल आभार.

आबोली, पेडणे

सर्वांचे मनापासून आभार. आपली उत्तरे आम्ही दोघींनी मिळून वाचली आणि भिंतीचा आराखडा बदलला. आता लेखकांचा आणि चित्रकारांचा असे दोन रकाने असणार नाहीत. प्रत्येक पुस्तकाचे एक चित्र, त्याखाली ते कोणी काढले आणि गोष्ट कोणी लिहिली, आणि बाजूला मुलांनी त्या चित्रात पाहिलेल्या वस्तूंची कोकणी व मराठी नावे, अशी मांडणी करणार आहोत. सुरुवात 'चित्रवाचन'पासून करू. साने गुरुजींची एक रात्र रोज शेवटच्या तासाला वाचायची, हेही ठरले. दलालांविषयीचा निर्णय मुलांवर सोपवते. 'राजा शिवछत्रपती'ची जुनी प्रत शाळेच्या कपाटात आहे, ती चौथीच्या मुलांसमोर ठेवून पाहते.

ज्या पुस्तकांत चित्रकाराचे नाव छापलेले नाही, त्यांच्या प्रकाशकांना पत्रे लिहून नावे विचारायची, असे माझ्या सहकारी बाईंनी सुचवले आहे. पहिले पत्र खारीच्या पुस्तकासाठी आज लिहिले. उत्तर येईपर्यंत त्या चित्राखालची एक ओळ मोकळी ठेवणार आहोत.